लेआऊटमधल्या घरांत परसबाग टिकवायची असेल तर

प्रश्न: आमचं महिला मंडळ नागपूरला मानेवाड्याकडच्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, आहे. यंदा ५ जूनला, पर्यावरण दिनी, आम्ही साठेक घरांना भाजीपाल्याच्या बियांची पाकिटं वाटली. लोकांनी हौसेनं नेली. गणपतीत घरोघरी गेलो तेव्हा मोजक्याच घरांत काही हिरवं उरलं होतं. लोकांना मुळात आवडच नाही असं समजून सोडून द्यावं, की दसऱ्यानंतर पुन्हा वेगळ्या रीतीनं करून पाहावं?

उत्तर: ताई, सोडून देऊ नका. साठ घरांनी पाकीट मागून नेलं, याचा अर्थ आवड होती. गडबड झाली ती तारखेत आणि पाकिटात. नागपुरात ५ जूनला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, नुकताच सरलेला असतो, पाऊस यायला आणखी आठ-दहा दिवस असतात आणि गच्चीचा स्लॅब रात्री जेवणं आटोपली तरी गरम लागतो. त्या दिवसांत पेरलेलं बी उगवलं तरी कोंब चार दिवसांत करपतो. जे वाचतं ते जुलैच्या झडीत सापडतं आणि बुडाशी सडून आडवं पडतं. नव्या माणसाला सुरुवातीलाच हे दोन्ही मार बसले की तो ठरवून टाकतो, "आपल्या हाताला यश नाही." तो हा निष्कर्ष कुणाला बोलून दाखवत नाही, फक्त कुंडी जिन्याखाली सरकवतो. पर्यावरण दिनाला झाडं लावायला हरकत नाही. भाजीच्या बागेची सुरुवात मात्र नागपुरात त्या दिवशी करू नये.

पाकिटाचंही तसंच. त्यात बहुतेक पालक, सांबार (कोथिंबीर), टमाटर, फुलकोबी, लौकी (दुधी), भेंडी असं सगळं एकत्र असणार. यातल्या निम्म्या भाज्या थंडीच्या, उरलेल्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या. घरच्या बाईनं सगळं एकाच दिवशी पेरलं, कारण तिला तसंच मिळालं होतं.

इतकी वर्षं या शहरात घरोघरच्या बागा उभ्या करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. एखाद्या घराला परसबागेची गोडी लावायची असेल, तर पहिल्या महिनाभरात त्या घरात स्वतःच्या हातानं कापलेली एक भाजी शिजली पाहिजे, आणि येणाऱ्या मे महिन्यात काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक असलं पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं लोक आपापलं शिकतात. या जमल्या नाहीत तर भाषणं, पोस्टर, बक्षिसं काही कामी येत नाही.

पहिल्या गोष्टीसाठी दसऱ्यानंतरचा पंधरवडा हा नागपुरातला सोन्यासारखा काळ आहे. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन उतरणीला लागलेलं असतं, आणि पुढचे चार महिने पालेभाजीला मानवणारी थंडी असते. तेव्हा पेरलेली मेथी पंचवीस ते तीस दिवसांत कापणीला येते. पालकाची पहिली कापणी महिन्या-सव्वा महिन्यात होते आणि बुडापासून दोन बोटं ठेवून कापला तर तोच पालक पुन्हा पुन्हा फुटतो. सांबाराला चाळीसेक दिवस धरा. मुळ्याचा पाला त्याआधीच भाजीजोगा होतो. म्हणजे दसऱ्यानंतर पेरणाऱ्या घरात दिवाळीच्या मागेपुढे पहिली भाजी होते. एवढ्या लवकर फळ देणारा मोसम वर्षात दुसरा नाही.

आता बियांबद्दल. या वेळी पाकिटं विकत घेऊ नका. मेथीचं बी प्रत्येकीच्या मसाल्याच्या डब्यात असतं, धने असतात, मोहरी असते. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत वर येतात. धने हलक्या हातानं लाटण्यानं रगडून दोन फाका करायच्या आणि रात्रभर भिजवायचे. अख्खा धना कमी उगवतो, चुरडलेला अजिबात उगवत नाही, एवढं सांभाळायचं. डब्यातलं बी जुनं असू शकतं, म्हणून आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगा. मेथीचा निकाल चौथ्या-पाचव्या दिवशी लागतो, धन्याला आठ-दहा दिवस द्यावे लागतात. वीसपैकी पंधरांना मोड आले तर तेच बी वापरा, पाच-सातांनाच आले तर बाजारातून नवं आणा. या एका लहानशा परीक्षेनं बाईचा बियांवर आणि स्वतःवर विश्वास बसतो. पालकाचं बी तेवढं विकत आणावं लागेल. 'ऑल ग्रीन' हे जुनं, भरवशाचं वाण आहे आणि सुट्टं मिळतं.

पण खरी अडचण बियांची नसतेच, मातीची असते. तुमच्या भागात दोन तऱ्हा दिसतील. जुन्या घरांच्या आवारात काळी माती असते आणि नव्या प्लॉटवर बांधकामाचा मलबा नि मुरूम भरलेला असतो. काळी माती शेतात कितीही चांगली असली तरी एकटी कुंडीत भरू नये. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मग कुंडीच्या कडेनं फट पडते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. बाई म्हणते, "रोज पाणी घालते हो, तरी सुकतं." ती खरंच रोज पाणी घालत असते.

यावर मिश्रण सोपं आहे. एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड रेती किंवा चाळलेला मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं कुजलेला पाला. निंबोळी पेंड मिळाली तर चार घमेल्यांना दोन मुठी. मिश्रण ओलं करून मूठ आवळायची आणि बोटानं टोचायचं. गोळा सहज फुटला पाहिजे. चिकट राहिला तर रेती वाढवा, मूठ उघडताच विस्कटला तर खत वाढवा. शेणखत कच्चं असेल, हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल, तर ते वापरू नका. कच्च्या खतानं मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्या येतात. तबेल्यातून ताजं शेण आणून कुंडीत भरणं हे पहिल्या वर्षी बाग मरण्याचं मोठं कारण आहे. मलब्याच्या प्लॉटवर खोदत बसू नका. विटांचा एक फूट उंच चौकोन करून त्यात हेच मिश्रण भरा.

ही माती प्रत्येक घरानं वेगवेगळी जमवायची म्हटली की काम तिथंच अडतं. शेणखताचं एक पोतं आणायला कोण गाडी काढणार? मंडळाचे पैसे खर्च करायचे असतील तर इथं करा. एक ट्रॉली माती-खत आणा, एका आवारात सगळ्यांनी मिळून कालवा आणि घरोघर पोहोचवा. बियांच्या पाकिटांपेक्षा खर्च जास्त येईल, पण बागा याच खर्चानं उभ्या राहतात.

आता घरं कशी निवडायची. साठ घरं नको. एकाच गल्लीतली, समोरासमोरची दहा घरं घ्या. परसबाग कंपाउंडवरून दिसते. समोरच्या घरी पालक कापलेला दिसला की अकरावं घर स्वतः विचारायला येतं, तुम्हाला जावं लागत नाही. ज्या घरात सकाळी सात ते आठच्या दरम्यान एक माणूस हमखास असतो, ते घर आधी. सासू असो, निवृत्त आजोबा असोत, कॉलेजची मुलगी असो, पण "सगळ्यांनी मिळून" पाणी घालू असं म्हणणारं घर टाळा, तिथं कुणीच घालत नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीवर जाणारी असतील तर त्यांना दोन ट्रेच द्या, जास्त देऊ नका. भाडेकरूंना उचलून नेता येतील अशा पिशव्या द्या. ऊनही पाहा. पालेभाजीला चार तास थेट ऊन पुरतं, वांगं, टमाटर, मिरचीला सहा तास लागतं. चारी बाजूंनी दुमजली घरांनी वेढलेल्या आवारात ऊन पोचत नसेल तर तिथं पुदिना, धोपा (अळू), आलं एवढंच लावा आणि घरच्यांना तसं स्पष्ट सांगा. उन्हाशिवाय टमाटर येईल अशी खोटी आशा दाखवू नये.

पहिल्या भेटीत काय लावणार हे विचारू नका. "मागच्या आठवड्यात कोणकोणत्या भाज्या केल्या?" एवढं विचारा. उत्तरात जे येईल तेच लावायचं. लेट्यूस आणि ब्रोकोलीनं फोटो चांगले येतात, पण ज्या घरात ते शिजत नाही तिथं ते फुलावर जाऊन वाया जातं. ज्या घरी सांबारवडी होते त्या घराला सांबाराचा ट्रे पुरत नाही. ज्या घरी भाकरीसोबत ठेचा लागतो तिथं मिरचीची दोन रोपं लेकरांसारखी सांभाळली जातात. आपल्याच जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं बी मिळालं तर एखाद्या घराला जरूर द्या. लोकांना आपल्या मातीतलं वाण लावल्याचा अभिमान वाटतो आणि तो अभिमान बाग टिकवायला मदत करतो.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे दुसऱ्या आठवड्यातली भेट. वाटप करून लोक घरी जातात आणि बागा या दुसऱ्या आठवड्यात मरतात. हुडकेश्वरच्या एका घरचं सांगतो. काकूंनी दीड फुटाच्या ट्रेमध्ये मूठभर पालकाचं बी टाकलं होतं. रोपं उगवली ती एकमेकांना चिकटून, बोटभर उंच, पिवळट, पांढऱ्या बारीक देठांची. काकू कौतुकानं दाखवत होत्या, "पाहा ना, किती दाट आलं!" मी म्हटलं, यातली चारातली तीन उपटावी लागतील. त्यांचा हात पुढे होईना. उगवलेलं रोप उपटायचं म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. मग मी विळी मागितली नाही, ताटली मागितली. एकेक रोप मुळासकट हलकेच ओढून ताटलीत ठेवत गेलो, दोन रोपांत चार बोटं अंतर राहील असं. ताटली भरल्यावर त्यांच्या सुनेनं मुळं खुडली, कोवळी पानं धुतली आणि गॅसवर असलेल्या वरणात टाकली. उरलेला ट्रे काकूंनी स्वतः विरळ केला. ही विरळणी कुणीतरी शेजारी उभं राहून करून दाखवावी लागते, व्हिडिओ पाहून हात धजत नाही. विरळलेलं रोप खाता येतं हे कळलं की अडचण संपते.

त्यापुढची भेट चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पहिल्या कापणीला. कुठून कापायचं, किती ठेवायचं, कापल्यावर मूठभर गांडूळखत भुरभुरायचं आणि पाणी द्यायचं, हे तिथंच दाखवा. उत्पन्नाचा अंदाज खरा सांगा. दोन फूट बाय तीन फुटांच्या वाफ्यातून पालकाच्या एका कापणीला साधारण अर्धा किलो मिळतो आणि पुढची कापणी पंधरा-वीस दिवसांनी. चौघांच्या घराची एका वेळची भाजी झाली. भाजीबाजाराचा खर्च बंद होईल असं कधीही सांगू नका. पहिल्या वर्षी माती-कुंड्यांचा खर्चसुद्धा निघत नाही. लोक पैशांसाठी टिकतही नाहीत. दारातून तोडलेला सांबार वरणावर पडतो तेव्हा जो वास येतो, त्यासाठी टिकतात. आणि त्यावर कशाची फवारणी झाली हे त्यांना माहीत असतं, त्यासाठी टिकतात.

फवारणीवरून कीड आठवली. थंडीत मेथी-पालकावर, वालावर मावा येतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार धारेनं धुतला तरी पुष्कळ कमी होतो. नाही झाला तर पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिमूटभर साबण टाकून संध्याकाळी फवारायचा. निंबोळ्या जून-जुलैत नागपूरच्या रस्त्यांवर फुकट पडलेल्या असतात. त्या वेळी मंडळातल्या मुलांकडून गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात.

आता गच्चीबद्दल, कारण फ्लॅट स्कीममधली मंडळी लगेच तोच प्रश्न काढतात. गच्ची सामायिक असेल तर आधी सोसायटीची परवानगी घ्या, नंतरचे वाद बाग खाऊन टाकतात. वजनाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरलेला आहे. एक फूट खोलीची ओली माती एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या घरात जाते. म्हणून गच्चीवर सलग मातीचे वाफे कधीही करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. पिशव्या आणि ट्रे भिंतींच्या नि बीमच्या वर, कडेकडेनं ठेवा. मिश्रणात मातीऐवजी कोकोपीट आणि पाला वाढवा. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा ठेवा. विटांमुळे पाणी साचत नाही, गळती असेल तर दिसते आणि उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबचा चटका मुळांना लागत नाही. घरातल्या पुरुषांचा विरोध बहुतेक वेळा गळतीच्या भीतीनं असतो आणि ती भीती रास्त आहे. विटा ठेवून दाखवल्या की विरोध मावळतो.

पाण्यात दोन गोष्टी जपा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे सवय आहे. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. बोअरवेलचं पाणी असेल तर आणखीच. ते पाणी आठवडाभर फिरलेलं असेल तर पानांच्या कडा जळतात. कपड्यांच्या साबणाचं पाणीही नको, त्यातला सोडा काळ्या मातीला आणखी घट्ट करतो. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. दुसरं, कुंडीखालच्या ताटल्या काढूनच टाका. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. महानगरपालिकेची माणसं पावसाळ्यात कूलर आणि कुंड्या तपासत फिरतात ती यासाठीच. तुमच्या बागांमुळे डास वाढले असं एकदा गल्लीत बोललं गेलं की सगळं मुसळ केरात.

ओल्या कचऱ्याचं खत पहिल्याच महिन्यात शिकवायला जाऊ नका. वास आला की माणूस बागेलाच कंटाळतो. पहिल्या दोन-तीन कापण्या झाल्या की मगच काढा तो विषय. तेव्हा फेब्रुवारी आलेला असतो आणि लेआऊटमधले रस्ते पानगळीनं भरलेले असतात. ती पानं जाळण्याऐवजी पोत्यांत भरून ठेवायला लावा. ओल्या कचऱ्याच्या एका थराला वाळल्या पानांचे दोन थर, एवढं पाळलं तर वास येत नाही. संत्र्याची सालं आपल्याकडे भरपूर निघतात. ती बारीक करून, वाळवून, थोडी थोडी टाकावीत. एकदम बादलीभर ओली सालं टाकली की खताचं काम मंदावतं.

आता दुसरी मुख्य गोष्ट, मे महिना. मार्चपासून ट्रेवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि पाणी सकाळी आठच्या आत द्या. एवढं करूनही पारा ४५ च्या वर गेला की बहुतेक भाज्या थांबतात. हे बागेचं अपयश नव्हे, आपल्या हवामानाचा नियम आहे, आणि तो फेब्रुवारीतच सांगून ठेवायचा असतो. १ मेपासून बाग बंद, असं मंडळानंच जाहीर करा. गोडनिंब (कढीपत्ता), मुनगा (शेवगा), लिंबू, पुदिना एवढंच जगवायचं. रिकाम्या ट्रेमधली माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे उन्हात ठेवायची. काळं प्लास्टिक नको, त्यातून ऊन आत शिरत नाही. आतली माती इतकी तापते की सूत्रकृमी, तणाचं बी आणि रोपं कुजवणाऱ्या बुरशा पुष्कळ मरतात. ज्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या देतो तेच पुढच्या हंगामाची माती फुकटात निर्मळ करून देतं. मे महिन्यात करण्यासारखं काम हातात असलं की माणूस बाग सोडून जात नाही.

पावसाळ्याचा हंगाम सणांना बांधा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, त्या दिवशीची भाजी परसात हातानं पिकवलेली, ही आपल्या आयाबायांची जुनी रीत. त्या भाजीत काय असतं पाहा: धोपा, अंबाडी, भेंडी, दोडकं, कोहळं (लाल भोपळा), बरबटी (चवळीच्या शेंगा). सगळं जूनच्या शेवटी, पहिले पाऊस पडून गेल्यावर पेरलं की गणपतीपर्यंत हाती येणारं. त्यापाठोपाठ महालक्ष्म्या, सोळा भाज्यांचा नैवेद्य. गल्लीतल्या दहा घरांनी आपसांत वाटून घेतलं, कुणी अंबाडी लावायची, कुणी दोडकं, कुणी भेंडी, तर ऋषीची भाजी बाजारात न जाता होते. यात स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत. स्पर्धेचा एक तोटा असतो, बक्षीस न मिळालेली नऊ घरं पुढच्या वर्षी येत नाहीत. देवाणघेवाणीत सगळेच लागतात. भेंडीला 'परभणी क्रांती' हे आपल्याच राज्यात तयार झालेलं वाण घ्या, त्याचं बी घरी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

तसंच संक्रांतीचं हळदीकुंकू. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा वाण म्हणून दोडक्याच्या आठ बिया आणि मूठभर खत द्या. रथसप्तमीच्या सुमारास थंडी ओसरू लागते, तेव्हा पेरलेला दोडक्याचा वेल एप्रिलमध्ये फळं देतो आणि गच्चीला सावलीही करतो. इथं एक तक्रार हमखास येते: "फुलं येतात, दोडकं धरत नाही." उंच गच्चीवर परागकण नेणारे किडे कमी येतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लौकीचंही. त्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या मागं करून, ज्या फुलामागं इवलंसं दोडकं दिसतं त्या मादी फुलाला हलकेच टेकवायचं. कोहळ्याचं फूल मात्र सकाळी उमलतं, त्याचं काम सकाळीच उरकायचं. लहान मुलांना हे काम फार आवडतं. ते त्यांच्याकडेच सोपवा.

आवार असलेल्या प्रत्येक घरात एक मुनगा असावा असं मला मनापासून वाटतं. 'पीकेएम-१' हे वाण बियांपासून लावलं तरी सहा-आठ महिन्यांत फुलावर येतं. शेंगांपेक्षा पाला मोलाचा आहे, लोह आणि अ जीवनसत्त्वासाठी. नागपुरात राहणाऱ्या छत्तीसगडी कुटुंबांत मुनग्याच्या पाल्याची भाजी नेहमी होते. तुमच्या गल्लीत कामाला येणाऱ्या एखाद्या बाईकडून ती शिकून घ्या, तिला शिकवायला बोलवा, मान द्या. झाड भिंतीपासून आणि तारांपासून लांब लावा, लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांदी मोडते. तीन फुटांवर शेंडा खुडला की झाड हाताशी राहतं. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके बसतात, अंगाला खाज सुटते आणि वैतागून लोक झाडच तोडतात. झुबका दिसताच फडकं गुंडाळलेली, रॉकेलात बुडवलेली काडी किंवा साबणाच्या पाण्याची फवारणी, एवढ्यानं भागतं. हे आधी सांगून ठेवलं तर झाड वाचतं. लिंबाचं रोप घेताना रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेऊ नका, त्या पिशवीतल्या मातीतून डिंक्या रोग घरी येतो. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथली रोगमुक्त रोपं भरवशाची.

तुमच्या भागातल्या रोजंदारीवर जाणाऱ्या घरांनाही यात घ्या, पण त्यांच्यावर कामाचा बोजा टाकू नका. ज्या बाईचा दिवस पहाटे पाण्याच्या नळावर सुरू होतो तिला खताचे थर समजावणं बरोबर नाही. नळाखाली जिथं पाणी सांडतं तिथं धोप्याचे दोन कंद, दाराशी एक मुनगा, एका फुटक्या टोपल्यात पालक. तयार माती तुम्ही नेऊन द्या. त्या घरातल्या लेकरांना या पालकाची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. नाल्याचं पाणी मात्र कुठल्याही परिस्थितीत भाजीला घालू देऊ नका.

नोंदवहीत किती पाकिटं वाटली हे लिहू नका. किती घरांनी दुसऱ्यांदा कापणी केली, ते लिहा. पहिली कापणी कौतुकात होते, दुसऱ्यांदा कापणारं घर बहुधा पुढच्या वर्षीही असतं.

दसऱ्याला आता तीनेक आठवडे आहेत. या आठवड्यात गल्ली आणि दहा घरं ठरवा. पुढच्या आठवड्यात माती-खत एकत्र कालवून ओलं करून ठेवा, त्याला मुरायला दहा-बारा दिवस लागतात. त्याच वेळी घरोघर धने-मेथीची फडक्यातली परीक्षा होऊ द्या. पेरणी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी करा आणि त्याच दिवशी दहाही घरांना विरळणीच्या भेटीची तारीख सांगून या.